पाहुण्याचं मानपत्र

आमच्या अंधेरीच्या घरी एक पाहुणा आला आणि तीन वर्षं राहिला. तिखटमीठ लावून सांगण्याबद्दल माझी ख्याती आहे, म्हणून आधीच शपथेवर सांगतो, तीन म्हणजे तीनच. बरं, पाहुणा तरी कसा? घरातलं कुणी उठायच्या आत भट्टी पेटवणारा, यजमानालाच "उठा, पेरू आले" म्हणून हाक मारणारा आणि आळीतल्या वीस बायकांना सकाळी कामाला बसवणारा. असा पाहुणा तुमच्याकडे कधी उतरलाय? त्याचं नाव आळीत कुणाला ठाऊक नव्हतं. मोठी माणसं त्याला पाहुणा म्हणत, पोरं पाहुणेकाका म्हणत. काका तेव्हा असेल बावीस-तेवीस वर्षांचा. काळा, काटक, हसला की आधी डोळे मिटणारा.

नाव मला ठाऊक होतं. ते मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं होतं, तेवढं पुरे झालं.

ज्यांच्याकडे तो उतरला ते आप्पा म्हणजे माझे थोरले काका. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला होतो. कचेरीतली कारकुनी सोडून स्वतंत्र धंदा करायचं आप्पांनी मनावर घेतलं होतं. धंद्याने मात्र आप्पांना मनावर घेतलं नव्हतं. आधी दंतमंजन झालं. त्याने दात निळे पडायचे. मग शाई झाली. ती कागदावर निळी पडायची नाही. मग सरबत. सरबताच्या बाटल्या मागच्या पडवीत फटाफट फुटायच्या आणि काकी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, तुमची दिवाळी झाली असेल तर आमच्या दिवाळीचं बघा!"

पंचावन्नचा पावसाळा नुकता सरला होता. गोव्याची हद्द बंद झाली होती, गाडी बंद झाली होती, वर्तमानपत्रं गोव्याने भरून येत होती. मी स्वतः कॉलेजच्या आवारात एका टेबलावर उभा राहून 'गोवा आपला आहे' असं भाषण ठोकून आलो होतो. टेबलाचा एक पाय लंगडा होता, तरी टाळ्या भरपूर पडल्या. त्याच आठवड्यात एका दुपारी फाटकात हा तरुण येऊन उभा राहिला. पायांवर काट्यांचे ओरखडे, हातात एक गाठोडं. त्याचा कुणी गाववाला आमच्या आळीत राहत असे, तो केव्हाच घर सोडून गेला होता. आप्पांनी त्याला पडवीत बसवलं आणि सरबत दिलं. सरबत प्यायला माणूस मिळाला की आप्पा त्याचं नावगाव विचारत बसत नसत.

त्याने एक घोट घेतला आणि पेला हळूच खाली ठेवला.

"बाब, ह्यात साखर जळली आहे."

आप्पांच्या सरबताला आजवर कुणी इतक्या आदराने नावं ठेवली नव्हती. ते काही बोलायच्या आत त्याने नाक वर करून वास घेतला. सरबतासाठी कांदिवलीहून आणलेले गाडीभर पेरू पडवीत सडायला टेकले होते.

"आणि हे पेरू मरतायत. तांब्याचं मोठं पातेलं आहे?"

काकीचं कल्हईचं पातेलं लग्नकार्याशिवाय माळ्यावरून उतरत नसे. ते त्या दिवशी उतरलं, ते पुन्हा माळ्यावर गेलं नाही. संध्याकाळपर्यंत पाहुण्याने पेरूचा गर काढला, गाळला, साखर घातली आणि घामाने न्हात घोटला. तूप लावलेल्या ताटात तो थापला आणि सकाळी वड्या कापल्या. माणकासारख्या लाल, दाताला न चिकटणाऱ्या, जिभेवर आधी पेरू, मग साखर आणि मग पुन्हा पेरू. गोव्यात एका मोठ्या ख्रिस्ती जमीनदाराच्या स्वयंपाकघरात तो बाराव्या वर्षापासून वाढला होता. तिथे नाताळाला हा पदार्थ होई. तो त्याला 'पेराद' म्हणे. आप्पांनी वडी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि काकीला म्हणाले, "ह्याला जेवायला वाढ. हा आपला पाहुणा."

पाहुण्याचं खरं कसब कानात होतं. पातेल्यात गर रटरटत असताना तो चक्क दुसरीकडे बघत उभा राही. कुणाची थट्टा करी, गाणं गुणगुणे. मध्येच हात वर करी. "ऐका. आतापर्यंत बडबडत होती. आता गप्प झाली. उतरा!" आम्ही सगळे कान लावून बघायचो. आम्हाला ती आधीही बडबडतच होती आणि नंतरही बडबडतच होती. आप्पांनी एकदा त्याला खिजवलं, "अरे, तुझ्याशी बोलते आणि आमच्याशी नाही, असं काय केलंय आम्ही हिचं?" तो म्हणाला, "तुम्ही तिला उकळताना सरबताचं नाव काढता, आप्पाबाब. घाबरते ती."

वर्षाच्या आत आमची पेरूवडी पार्ल्यापासून गिरगावापर्यंत दुकानांत दिसू लागली. काय काय झालं त्या एका पातेल्यातून! आळीच्या टोकाच्या चाळीतल्या बायका वड्या कापायला आणि कागदात गुंडाळायला येऊ लागल्या. त्यांतल्या बहुतेकींनी तोवर दुसऱ्याच्या घरची भांडी घासली होती. कांदिवलीच्या वाडीवाल्याने आणखी झाडं लावली. डबे करणाऱ्याने दुसरा कारागीर ठेवला. आप्पांना धंद्याचा परवाना मिळाला, वाडीवाल्याला विहिरीचा मंजुरीचा कागद मिळाला, शेवंताबाईच्या मुलाला हायस्कुलात दाखल्याचा कागद मिळाला. एका माणसाच्या जिवावर सगळी आळी कागदांनी श्रीमंत झाली. त्या माणसाजवळ स्वतःचा म्हणून चिटोरादेखील नव्हता.

हे मला पहिल्या वर्षी कळलं नाही. मला एवढंच दिसे की पाहुणा बाजारात जाताना सरळ रस्ता सोडून नारळाच्या वाडीतून लांबचा फेरा घेतो. मी समजलो, गोव्याचा माणूस, माडांची ओढ असणार. मी त्यावर काकीपुढे एक छोटंसं सुंदर भाषणही केलं. सरळ रस्त्यावर पोलीस चौकी होती, हे माझ्या काव्यात बसलं नव्हतं. तसंच फोटोचं. नव्या डब्यावर लावायला आप्पांनी सगळ्यांचा फोटो काढायचं ठरवलं. बायका नव्या लुगड्यांत, आप्पा टोपीत, मी मध्यभागी. मला कुणी मध्यभागी बोलावलं नव्हतं, तरीही. पाहुणा म्हणाला, "वाऱ्याने पडदा हलतो, मी मागून धरतो." आमच्याकडे त्याचा तेवढाच फोटो आहे. पडद्याच्या कडेला चार बोटं.

वड्या कापणाऱ्या बायकांची पुढारी शेवंताबाई. मूळची मालवणकडची, नवरा गिरणीत होता तो गेलेला, जीभ विळीसारखी. तिने पहिल्या दिवशी पाहुण्याची दोन वाक्यं ऐकली आणि गप्प बसली. शेवंताबाई गप्प बसली हीच बातमी होती. पुढे एकदा मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "ह्यो पावणो खयचो, ता माका पयल्याच दिसा कळला. पण माका कोणी इचारूक नाय आणि मी सांगूक नाय." चौथीसुद्धा न शिकलेली बाई. मी बी.ए.च्या वर्गात होतो.

मला पाहुण्याने आपण होऊन सांगितलं. एका दुपारी दोघेच पातेल्यापाशी होतो. त्याने डाव माझ्या हातात दिला आणि जंगलातून कसा आला ते सांगितलं. हद्द बंद झाल्यावर जमीनदाराचा व्यापार बसला, कामावरची पोरं काढून टाकली. घरी आई. म्हणून परवान्याशिवाय निघाला. दिवसा झाडीत, संध्याकाळी पुढे. अलीकडच्या पोलिसांनी पकडलं तर हेर म्हणून कोठडी, पलीकडच्यांनी पकडलं तर फितूर म्हणून. सांगताना गाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, स्वतःचं नाव सांगितलं.

"बाळबाब, हे तुझ्याकडे ठेव. आत."

"अरे, मी काय गावभर सांगणार आहे?" मी म्हणालो. आणि खरंच, गावभर नाहीच सांगितलं.

तिसऱ्या वर्षी आप्पांनी पाहुण्याला भागीदार करायचं ठरवलं. धंदा तुझ्या कानावर चाललाय, म्हणाले, मला लाज वाटते. वकिलाकडून नावाची जागा कोरी ठेवून कागद करून आणले. पाहुण्याने सही करायला नकार दिला. आप्पांनी समजावलं, रागावले, काकीकडून सांगवलं. पाहुण्याचं एकच, "आप्पाबाब, मला राहू द्या, बस. कागद नको." आप्पांना आतलं कारण माहीत नव्हतं असं नाही. गोव्याचा आहे एवढं ते जाणून होते. पण परवाना, हद्द, पोलीस हे त्यांच्या लेखी वर्तमानपत्रातलं होतं. पडवीतला माणूस आपला होता. तेव्हा शेवटी ते चिडून म्हणाले, "कागदावर नाव नको म्हणतोस? बरं! चारचौघांत तरी घेतो की नाही बघ!"

आणि इथे आम्हा लोकांकडूनच होऊ शकते ती चूक आमच्याकडून झाली. आम्ही त्याचा सत्कार करायचं ठरवलं.

मराठी माणूस एखाद्यावर फार खूश झाला की त्याला दुसरं काही सुचत नाही. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. आळीच्या गणेशोत्सवात शनिवारची संध्याकाळ ठरली. पाहुण्याला सांगायचं नाही, एकदम चकित करायचं. अध्यक्ष म्हणून चार घरं टाकून राहणारे साहेब ठरले. सरकारी नोकरीत होते, उत्सवाला दरवर्षी वर्गणी देत आणि आमच्या वडीचे भोक्ते. ते परवान्यांच्याच कुठल्याशा खात्यात आहेत हे आळीत सर्वांना ठाऊक होतं. मलाही. पण आमच्या डोक्यात साहेब म्हणजे साहेब आणि पाहुणा म्हणजे पाहुणा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे मांडवातल्या एकालाही सुचलं नाही.

मानपत्र लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. आठ दिवस मी झपाटलो होतो. मानपत्रात जन्मगाव लागतं, मातोश्रींचं नाव लागतं, खडतर पूर्वायुष्य तर लागतंच लागतं. त्याशिवाय त्याला मानपत्र कोण म्हणेल? आणि माझ्याकडे काय खडतर पूर्वायुष्य होतं! त्याने 'आत ठेव' म्हटलं होतं, ते मला आठवलं नाही असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. आठवलं. पण मला वाटलं, आत म्हणजे परक्यांपासून. इथे परकं कोण आहे? सगळे आपलेच. आणि गोवा तर आपलाच. खरं सांगायचं तर एक वाक्य असं काही जमून गेलं होतं की ते गाळण्यापेक्षा मी माझं बोट कापून दिलं असतं.

त्या शनिवारी पाहुण्याला मंचावर बोलावलं तेव्हा त्याला वाटलं खुर्ची हलवायची आहे. तो खुर्ची उचलायलाच गेला. लोक हसले. आप्पांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. तो डोळे मिटून हसला. मग मी उभा राहिलो. रेशमी झब्बा, एक पाय पुढे, मानपत्र हातभर लांब धरलेलं. नाव वाचलं. गाव वाचलं. आईचं नाव वाचलं. पाहुण्याचे डोळे उघडले. मला वाटलं, गहिवरला.

आणि मग मी आवाज चढवून माझं ते वाक्य म्हटलं. "ना परवाना, ना पारपत्र, केवळ स्वकष्टाचं पाथेय बांधून, दोन्ही सरकारांच्या शिपायांच्या डोळ्यांत धूळ फेकून आपण जी हद्द ओलांडलीत, ती हद्द हिंदमातेच्या अंगावरचा ओरखडा आहे!"

काय टाळ्या पडल्या! मी दम घेऊन मागून येणाऱ्या टाळ्या थांबायची वाट बघत उभा राहिलो. तेवढ्यात बायकांच्या बाजूने शेवंताबाईचा आवाज आला, "अरे मेल्या, गप ऱ्हव! गप ऱ्हव रे!"

मला वाटलं, तिलाही गहिवरून आलंय.

साहेब खुर्चीतून उठले. चेहरा उतरलेला. "मला जरा बरं वाटत नाही," म्हणाले आणि कुणाकडेही न बघता मांडवाबाहेर गेले. अध्यक्षच गेल्यावर मानपत्र अर्धंच राहिलं. आरती लवकर उरकली. पाहुण्याने शालीची नीट घडी केली, नारळावर ठेवली आणि खुर्च्या उचलायला लागला.

रविवारी सकाळी साहेब पडवीत आले. बसले नाहीत. काकीने वडी पुढे केली, त्यांनी हात लावला नाही.

"आप्पा, तुम्ही माझ्या कानात सांगितलं असतंत तर मी बहिरा झालो असतो. पण सगळ्या आळीसमोर, अध्यक्षाच्या खुर्चीत बसवून ऐकवलंत. उद्या कुणी एकाने अर्ज केला की साहेबांना माहीत होतं, तर मी काय करू? मला तीन मुलं आहेत."

"पण साहेब, गोवा आपलाच ना?" आप्पा म्हणाले.

"गोवा आपला आहे हो," साहेब म्हणाले. "त्याचा कागद नाही." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "सोमवारपर्यंत मी आजारी आहे. सोमवारी मला बरं वाटेल."

ते गेल्यावर आप्पा माझ्याकडे बघतील, मारतील, हाकलून देतील असं मला वाटलं. त्यांनी काहीच केलं नाही. त्यांना वाटत होतं चूक त्यांचीच. काकीने मात्र मला दोन दिवस वाढलं ते माझ्याकडे न बघता.

पाहुण्याने ती सकाळ शेवंताबाईला शिकवण्यात घालवली. तिचा हात डावावर धरून उभा होता. "आता बडबडते. आता... आता गप्प. कळलं?" "कळला," ती म्हणाली. तिला कळलं नव्हतं, आणि ते त्याला कळलं होतं. पुढे दोन वर्षं आम्ही तिच्या कानावर धंदा ओढला. एखाद्या दिवशी वडी जमायची, एरवी चामड्यासारखी ओढायची किंवा ताटातच वाळूसारखी विखरायची. दुकानांनी डबे परत पाठवले. वाडीवाल्याने नवी झाडं दुसऱ्याला दिली. बायका एकेक करून पुन्हा भांडी घासायला गेल्या. शेवंताबाई सर्वांत शेवटी गेली. जाताना मला काही बोलली नाही. तिच्या जिभेचा मार मला परवडला असता.

एकसष्टच्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला. आळीत पेढे वाटले, मी ते हातात धरून उभा राहिलो. आता येणाऱ्याला कुणी काही विचारणार नव्हतं. आप्पांनी त्याच्या गावी पत्र लिहिलं. गावाचं नाव घरात होतं, मानपत्रावर. तिथल्या मास्तरांचं उत्तर आलं की तो परत आलाच नाही. आई गेल्या वर्षी वारली. तुमच्याकडेच आहे असं ती शेवटपर्यंत सांगत होती. त्यानंतर मी कुठेही परगावी गेलो की मिठाईच्या दुकानात पेरूची वडी मागतो. लोकांना वाटतं हौशी माणूस आहे. कार्यक्रमांना मला बोलावतात, दोन दोन तास हसवून घेतात. मानपत्र लिहून द्या म्हणून येतात, त्यांना मी सांगतो, हात दुखतो.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारच्या दुपारचं. पाहुण्याचं गाठोडं बांधून झालं होतं. कुठे जाणार हे त्याने कुणालाच सांगितलं नाही, आणि मी समोर असताना तर कसं सांगेल! मी पडवीच्या उंबऱ्यात उभा होतो. क्षमा कशी मागतात हे, एवढी भाषा येत असून, मला येत नव्हतं. तोच म्हणाला,

"बाळबाब, काल अर्धं राहिलं. पुढे काय लिहिलं होतं?"

तो दोनच इयत्ता शिकला होता, त्याही पोर्तुगीज शाळेत. देवनागरी त्याला वाचता येत नव्हती. मी आतून मानपत्र आणलं. त्याला म्हटलं, जाऊ दे रे. तो म्हणाला, "वाच. माझंच आहे ना?"

मग मी वाचलं. आवाज न चढवता, जमिनीवर बसून, शाळेतल्या पोरासारखं. त्याच्या कष्टांचं होतं, त्याच्या कानाचं होतं. वीस घरांत त्याच्यामुळे दुपारची चूल पेटते असं होतं. आप्पांना त्याने उतारवयात धंद्याचा मान मिळवून दिला असं होतं. शेवटी, या आळीचं दार आपल्याला सदैव उघडं राहील, असं होतं.

तो भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होता. संपलं तेव्हा उठला. मग गाठोडं उचललं.

"चांगलं लिहिलंय," म्हणाला. "माणूस चांगला दिसतो हा. असा माणूस ठेवून घ्यायचा असतो, बाळबाब."